वत्सगुल्माचा सर्वसेन आणि आपली वंशावळ
(रिसोड येथील व्याख्यानाचा मजकूर)



आपले गाव कोणी वसविले, असे रिसोडात विचारले तर जुनी माणसे ऋषींची कथा सांगतात. शेजारच्या वाशीमला, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माला गेलो तर वत्स ऋषींची कथा ऐकावयास मिळते. कामसूत्राचा टीकाकार मात्र वत्स आणि गुल्म हे दोघे राजपुत्र भाऊ होते, असे सांगतो. कथा जपाव्यात, परंतु कथा म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला तो १९३९ साली. वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र आहे. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. त्यात राजाने पित्याचे नाव सर्वसेन आणि आजोबांचे नाव प्रवरसेन दिले आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक, चौथ्या शतकातील सर्वसेन, असा उजेडात आला.

आश्चर्य असे की, हे नाव अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात पूर्वीपासून कोरलेले होते! हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने ते लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि तेथील भिंतीवर आपल्या राजाची वंशावळ कोरविली. अक्षरे झिजली होती, म्हणून पूर्वीच्या अभ्यासकांनी नावे चुकीची वाचली. ताम्रपट सापडल्यानंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि वंशावळ दुरुस्त झाली. एक पुरावा दुसऱ्याला बोलका करतो, तो असा.

याच सर्वसेनाने प्राकृतात 'हरिविजय' काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांतून त्याची ओळख होते. येथे एक सावधगिरी हवी. ताम्रपट सर्वसेनाला राजा म्हणतो. त्याने नगर वसविले, असे म्हणत नाही. राजशाखेचा संस्थापक आणि गाव वसविणारा यांत फरक आहे. संशोधकाने पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये.

मग गाव खरोखर वसविते कोण? वाशीमजवळ हिस्से बोराळा येथे शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ चा शिलालेख आहे. देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेवाने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याचे तो सांगतो. ज्यांनी माती उपसली, दगड वाहिले, त्या हातांची नावे त्यात नाहीत. आपले पूर्वज अशाच बिननावाच्या माणसांत होते. त्यांच्यासाठी कोणी ताम्रपट कोरला नाही.

म्हणून हे काम आता आपल्याकडे आहे. विद्यार्थी मित्रहो, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. चार पिढ्यांची नावे लिहा. कोणी सांगितले आणि कधी, तेही लिहा. नंतर शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुने फेरफार पाहा. माझ्या आजोबांचे नाव कागदावर एक आणि घरात दुसरेच होते. दोन्ही जुळवेपर्यंत बराच काळ गेला. जातीच्या दाखल्याला पुरावे मागतात, तेव्हा अशा एका अक्षराने मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते.

आणखी एक विनंती आहे. ताम्रपटाच्या वंशावळीत पिता आणि पुत्रच आहेत. तुमच्या वहीत आजी, पणजी आणि त्यांची माहेरची गावेही येऊ द्या.

सर्वसेनाचे नाव तांब्यावर होते, म्हणून सोळाशे वर्षांनी सापडले. आपल्या आजीच्या आठवणी तांब्यावर नाहीत. त्या आजच उतरवून घ्या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.