रूळ उचलल्यावर

डोंगराळ मुलखांत सायकलीवरून हिंडणाऱ्याला दोन गोष्टींचें भय असतें. एक चढाचें आणि दुसरें मोटारीचें. चढ त्याचा दम काढतो, आणि मोटार त्याचें चित्त ठिकाणावर राहूं देत नाहीं. मागून भोंगा ऐकूं आला कीं समोरचें रान, खालची नदी, सारें विसरून त्याला रस्त्याची कड धरावी लागते. या दोन्ही भयांतून बहुतांशीं मुक्त अशी वाट, आणि तीहि थोडीथोडकी नव्हे तर सुमारे ३३५ मैलांची, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. पोलादासाठीं प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहरापासून ती निघते, अ‍ॅलेघेनी पर्वताची रांग ओलांडते आणि वॉशिंग्टन राजधानींत उतरते. मधून मधून एखादा रस्ता आडवा येतो, गांवांतून जातांना थोडी रहदारी लागते, एवढेंच. एरवीं या वाटेवर मोटारीला मज्जाव आहे. ती कशी निर्माण झाली आणि कशी टिकली, हा इतिहास सायकल न चालविणाऱ्यांनींहि ऐकण्याजोगा आहे.

या वाटेचे दोन भाग आहेत. पिट्सबर्गपासून कंबरलंड या गांवापर्यंतच्या १५० मैलांना ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’ असें नांव आहे. तेथून वॉशिंग्टनपर्यंतचे १८४.५ मैल पोटोमॅक नदीच्या काठाकाठानें जातात. पहिला भाग हा पूर्वीं आगगाडीचा मार्ग होता. दुसरा भाग म्हणजे एका जुन्या कालव्याच्या कांठची, नावा ओढणाऱ्या खेचरांची पायवाट. दोन्ही मार्ग खोदले गेले ते कोळसा आणि व्यापारी माल वाहण्यासाठीं. सायकलस्वाराच्या सुखाचा विचार त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता.

आगगाडीचा मार्ग सायकलीला इतका मानवतो, याचें कारण सोपें आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज फिरतें खरें. परंतु चढ वाढला कीं तें तितक्याच सहज घसरूं लागतें. म्हणून रेल्वेचे इंजिनियर शक्य तों नदीच्या कलानें जातात. टेकाड आडवें आलें तर तें कापावयाचें, खोलगट जागा भरून काढावयाची, दरीवर पूल बांधावयाचा, आणि कांहींच चालेना तर डोंगराच्या पोटांतून बोगदा काढावयाचा. वेस्टर्न मेरीलंड रेल्वेनें १९१२ सालीं या पर्वतांतून जो मार्ग सुरू केला, त्यांत हीं सर्व कामें पाहावयास मिळतात. त्यांचें फळ आज सायकलस्वाराच्या पदरांत पडलें आहे. पिट्सबर्गपासून पर्वताचा माथा सुमारे १२६ मैलांवर आहे, आणि तेवढ्या अंतरांत वाट सुमारे १७०० फूट चढते. म्हणजे मैलामागें सरासरी चौदा फूटहि नाहीं. कंबरलंडची बाजू त्या मानानें उभी. तेथें सुमारे २४ मैलांत सुमारे १७५० फुटांचा फरक पडतो. तरीहि शंभर फूट जावें तेव्हां सरासरीनें दीड फुटाचा देखील चढ लागत नाहीं.

रूळ आणि त्यांखालचे स्लीपर उचलल्यानंतर या मार्गाच्या बहुतेक लांबीवर चुनखडीच्या दगडाची बारीक खडी पसरून दाबलेली आहे. ती घट्ट बसते, आणि चाकाखालीं तिचा मंद करकर असा आवाज होतो. मोठा पाऊस झाला तर मात्र चाकें जड होतात व कपड्यांवर पांढरट चिखलाचे शिंतोडे उडतात. दोन्ही बाजूंस ओक आणि मेपल यांचें रान आहे. आक्टोबरांत तें तांबडें आणि पिवळें होतें. ओहायोपाईल या गांवापाशीं यॉकिगेनी नदी एका दांडग्या वळणानें फिरते. मार्ग तिच्यासाठीं वळत नाहीं, एकापाठोपाठ एक असे दोन पूल टाकून तो सरळ निघून जातो. पुढें मायर्सडेल गांवाजवळ १९०८ फूट लांबीचा पूल लागतो. त्याच्या खालून कॅसलमन नदी वाहते, आणि तिच्याच दरींतून मोटारींचा एक मोठा हमरस्ताहि जातो. खालीं मोटारी धांवत आहेत आणि वरून सायकलस्वार निवांत चालला आहे, असें दृश्य तेथें दिसतें.

मग २३९२ फूट उंचीवर जलविभाजक माथा येतो. तेथें पडलेल्या पावसाचें पश्चिमेकडचें पाणी ओहायो व मिसिसिपी या नद्यांवाटे मेक्सिकोच्या आखातास मिळतें. पूर्वेकडचें पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरास जातें. माथ्याच्या पलीकडे बिग सॅव्हेज डोंगरांतील ३२९४ फूट लांबीचा बोगदा आहे.

हें सर्व वाचलें कसें, हा खरा प्रश्न आहे. १९७५ सालीं या डोंगरांतील गाडी बंद झाली. बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गाचें मोल त्याच्या सलगपणांत असतें. जमिनीचा पट्टा मध्येंच विकला गेला, कोठें कुंपण पडलें, कोठें एखादा पूल भंगारांत गेला, कीं उरलेले तुकडे कोणाच्याच कामाचे राहत नाहींत. १९८३ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, सोडलेला रेल्वेमार्ग पुढें कधींकाळीं गाडीसाठीं लागेल म्हणून सलग राखावा, आणि तोंपर्यंत तो लोकांच्या वहिवाटीसाठीं खुला ठेवावा. शेजारच्या जमीनमालकांना हें सर्वत्र रुचलें नाहीं. गाडी गेली तर जमीन आमची, असें अनेकांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला. नुकसानभरपाई मागण्याचा मार्गहि मालकांना मोकळा राहिला.

अ‍ॅलेघेनींतील मार्ग त्याच्याहि आधीं बंद झालेला असल्यामुळें तेथें गांवोगांवच्या मंडळींना तुकडा तुकडा मिळवून सांधावा लागला. ओहायोपाईलजवळचा पहिला भाग १९८६ सालीं खुला झाला; पिट्सबर्गपर्यंतचा शेवटचा दुवा जुळला तो २०१३ सालीं. दीडशें मैल जोडावयास सत्तावीस वर्षें लागलीं.

कालव्याची कथा याहून जुनी. त्याचें खोदकाम १८२८ सालीं सुरू झालें, आणि कंबरलंड गांठतां गांठतां १८५० उजाडलें. वाटेंत ७४ पाणदरवाजे, आणि पॉ पॉ येथील ३११८ फुटांचा बोगदा. तोंवर आगगाडी कंबरलंडला येऊन आठ वर्षें झालीं होतीं. तरीहि कालवा १९२४ च्या महापुरापर्यंत चालला. पुढें त्याच्या काठानें मोटारींसाठीं रस्ता करावा असा बेत निघाला, आणि जानेवारी १९५४ मध्यें ‘वॉशिंग्टन पोस्ट’नें त्यास पाठिंबा दिला. तेव्हां सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं पत्र लिहून संपादकांस आव्हान केलें कीं, आधीं माझ्याबरोबर ही वाट पायीं चाला, मग मत द्या. मार्चमध्यें मंडळी निघाली. आठ दिवसांच्या त्या चालींत शेवटपर्यंत टिकले ते डग्लस धरून नऊजण. वृत्तपत्राचा सूर बदलला, रस्त्याचा बेत मागें पडला, आणि १९७१ सालीं हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. त्या वेळीं काठावर डांबर पडलें असतें, तर पुढें अ‍ॅलेघेनी उतरून आलेल्या सायकलस्वाराला कंबरलंडहूनच माघारीं फिरावें लागलें असतें.

अशी वाट एकदां करून ठेवली म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. पिंकर्टन येथील ८४९ फुटांचा बोगदा ढासळण्याच्या भीतीनें बंद होता, आणि लोक दीड मैलाचा वळसा घालून जात. तो दुरुस्त होऊन खुला झाला २०१५ सालीं, म्हणजे वाट ‘पुरी’ झाल्यावर दोन वर्षांनीं. बिग सॅव्हेजच्या बोगद्यांत हिवाळ्यांत पाणी गोठून अस्तराला इजा होऊं नये म्हणून त्याच्या तोंडाशीं मोठे दरवाजे बसविले आहेत. थंडी पडली कीं ते लावून घेतात, आणि वसंत ऋतु आला म्हणजे पुन्हां उघडतात.