गाडीचे तेल घरी बदलताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागाला आणि शिवणयंत्राला वेळेवर तेल लागते, हे आपल्या सोलापुरात कोणाला शिकवायला नको. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. आता पुष्कळजणींच्या दारात मोटार आहे. तिचे तेल घरी कसे बदलावे, याविषयी चार शब्द सांगते.

इंजिनातले तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस पोटात घेते. म्हणून ते काळे पडते. पण नुसते काळे दिसले म्हणून बदलू नये. डिझेलच्या गाडीत ते थोड्याच दिवसांत काळे होते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी. बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत असते. रस्ते धुळीचे आणि फेऱ्या बाजारापुरत्याच असतील, तर त्याआधी बदलावे. तेल कोणते व किती, हेही पुस्तिकेतच असते. गाडी वॉरंटीत असेल, तर तिच्या अटी आधी वाचाव्या.

आता कृती. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा व चाकांना अडण लावावी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल लवकर निथळते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली भक्कम स्टँड लावावेत. विटा-दगड रचू नयेत. पदर व ओढणी खोचावी, हातमोजे घालावे आणि घरातले कोणीतरी जवळ असू द्यावे.

खाली परात ठेवून तळाचा नट सोडावा. ही परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. तेल निथळले की नवा वायसर घालून नट बसवावा. फार आवळला तर आटे जातात. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्याच्या कडीला तेलाचे बोट लावून तो हातानेच बसवावा. मग नवे तेल मापून ओतावे. इंजिन क्षणभर चालवून कुठे गळते का पाहावे, थोड्या वेळाने पट्टी पुसून तेल मोजावे. ते दोन खुणांच्या मध्ये असावे. जास्त झाले तरी फेसाळते आणि इंजिनाला बाधते.

नवे तेल घातले की काम संपले असे वाटते. पण परातीतले काळे तेल अजून आपल्यासमोरच असते. कोणी ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, कोणी धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, कोणी गटारात ओततात. भगिनींनो, यांतले काहीही करू नये. हे तेल कातडीला घातक आहे. जमिनीत मुरून ते विहिरी-बोअरचे पाणी नासवते, पाण्यावर तवंग धरून आतल्या जिवांची हवा तोडते. उन्हाळ्यात घागरभर पाण्याची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे? २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे असे तेल घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून ते पुन्हा शुद्ध करून वापरात आणण्याची जबाबदारी तेल-कंपन्यांवरही टाकली आहे.

तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, वर नाव लिहावे आणि मुलांपासून दूर ठेवावे. जुने तेल अधिकृत संकलनासाठी देणाऱ्या गॅरेजकडे ते पोचवावे. घेणारा कोण, हे नट सोडण्यापूर्वीच विचारून ठेवावे. तशी सोय नसेल, तर तेल गॅरेजमध्येच बदलून घेतलेले बरे.

चार पैसे वाचवताना शेजारणीचे पाणी नासू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेते.