रात्र वाढली की म्हैस बोलते



 आज एकाच प्रश्नावर बोलतो. म्हैस कधी विणार, हे ठरतं कशावर?

पशुवैद्यकाच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, चैत्रात, पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर मला बोलावणं आलं. म्हैस गाभ धरत नाही, म्हणून तिला बाजार दाखवायची तयारी चालली होती. मी तपासलं, तर गर्भाशय निरोगी. घरातल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, दसरा होऊ द्या. रात्र वाढली की ती आपणहून सांगंल." कार्तिकात एका पहाटे पुन्हा निरोप आला. म्हैस ओरडत नव्हती, उधळत नव्हती. फक्त शेपटीला माजाचा काचेसारखा चिकट स्राव, सोट, लागलेला. त्याच माजाला ती गाभण राहिली.

आजींच्या त्या वाक्यात शास्त्र होतं. अंधार पडला की मेंदूतल्या पीनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवतं. रात्र जितकी लांब, तितका तो स्राव जास्त वेळ टिकतो. म्हशीच्या शरीराला हीच माज सुरू करण्याची खूण असते. राहुरी-पारनेरचा आपला जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. सव्वादोन तासांचा हा फरक म्हशीला पुरतो. बहुतेक म्हशी सप्टेंबर ते फेब्रुवारीत गाभण राहतात आणि सुमारे ३१० दिवसांनी, म्हणजे जुलै ते डिसेंबरात वितात. उन्हाळ्यात दिवस मोठा, त्यात ऊन आणि हिरव्या चाऱ्याची टंचाई. मग माज मुका होतो किंवा थांबतोच. ताक-लस्सीला मागणी वाढते, नेमकं तेव्हाच म्हशीचं दूध आटतं.

दिवसमानावर चालणारी म्हैस एकटीच नाही. थंड समुद्रातल्या सील प्राण्यांचं पाहा. पिल्लू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मादीचा पुन्हा संयोग होतो, पण भ्रूण गर्भाशयाला लगेच चिकटत नाही. दोन ते चार महिने तो थांबून राहतो. पुढच्या वाढीची खूण दिवसमानातून मिळते, असं अभ्यासक मानतात. म्हणून एका किनाऱ्यावरची पिल्लं दरवर्षी ठरावीक दिवसांतच जन्मतात. थंडी लवकर येते, पाऊस उशिरा येतो, पण सूर्याचं वेळापत्रक चुकत नाही. म्हणूनच निसर्गाने जन्माचा मुहूर्त त्याच्या हाती दिला.

इटलीतल्या म्हैसपालकांनी दिवसमानाचा हा परिणाम ओळखून वाट काढली. मोझरेला चीजला उन्हाळ्यात मागणी असते, म्हणून ते ठरावीक काळ रेडे कळपापासून वेगळे ठेवतात आणि वेत वसंताकडे सरकवतात. हे त्यांना जमलं ते नोंदी आणि नियोजन यांच्या बळावर.

नोंदी आणि नियोजन आपल्यालाही जमेल. घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत पहाटे आणि दिवस मावळल्यावर गोठ्यात एक फेरी मारा. श्रावणात व्यालेली म्हैस दिवाळीनंतरही माजावर आली नाही, तर लगेच तपासून घ्या. गाभ न धरता फाल्गुन उलटला, तर पुढचं वेत वर्षभर लांबू शकतं. उन्हाळ्यात सावली, डुंबायला किंवा अंगावर मारायला पाणी आणि मुरघास द्या. माझ्या पशुवैद्यक मित्रांना विनंती आहे, की तपासल्याशिवाय संप्रेरकाचं इंजेक्शन टोचू नका. आणि चैत्रात माज दाखवत नाही एवढ्यावरून निरोगी म्हशीला कुणी भाकड ठरवू नका. ती तिच्या वेळेची वाट पाहत असते.

घरी गेल्यावर गोठ्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. प्रत्येक म्हशीच्या विण्याची, माजाची आणि रेतनाची तारीख त्यावर लिहा. उद्या पहाटेच्या धारेपासूनच सुरुवात करा, एवढंच मागणं आहे.