नकाशातले स्टेशन



परवा रात्रीच्या वर्गात एका काकींनी मला विचारले, "गुरुजी, छापलेले असते ते खरेच असते ना?" मी त्यांना म्हटले, "काकी, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. गोष्ट सांगावी लागेल." ती गोष्ट आज सांगतो. ही घडलेली हकीकत आहे.

१९७१ सालच्या डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झाले. आपल्या विमानदलात दिलीप परुळकर नावाचे एक तरुण मराठी वैमानिक होते. आडनाव ऐकून आपल्याला वेंगुर्ल्याकडचे परुळे गाव आठवते. १० डिसेंबरला त्यांचे विमान शत्रूच्या मुलखात पाडले गेले. ते हवाई छत्रीने खाली उतरले आणि पकडले गेले.

रावळपिंडी शहरात एक तुरुंग होता. तिथे आपले बारा वैमानिक कैदेत होते. युद्ध दोन आठवड्यांत संपले. पण कैद्यांना घरी कधी पाठवणार, ते कोणी सांगेना. महिने गेले. परुळकरांनी ठरवले, इथून निसटायचे. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन वैमानिक त्यांच्याबरोबर निघायला तयार झाले.

निसटायचे म्हणजे नुसती भिंत ओलांडून भागत नाही. पुढे जायचे कुठे? भारताच्या बाजूला सरहद्दीवर फौजांचा कडक पहारा. म्हणून त्यांनी उलटी वाट धरायचे ठरवले. पश्चिमेला पेशावर, पुढे खैबर खिंड आणि खिंडीपलीकडे अफगाणिस्तान.

तयारी गुपचूप चालली. कैद्यांना महिन्याला थोडे पैसे मिळत, ते त्यांनी साठवले. पठाणी कपडे मिळवले. शिवणाच्या सुईला लोहचुंबकाचा गुण देऊन होकायंत्र केले. आणि हाती लागेल त्या हत्याराने कोठडीच्या भिंतीतल्या विटा सैल करायला घेतल्या. ज्यांना जायचे नव्हते, त्यांनीही साथ दिली. बारा जणांत एकानेही तोंड उघडले नाही.

१२ ऑगस्ट १९७२ ची रात्र. बाहेर वादळी वारा सुटला होता. मध्यरात्र उलटली आणि तिघे भगदाडातून बाहेर पडले. रस्त्यावर सिनेमाचा खेळ सुटला होता. त्या गर्दीत ते मिसळून गेले. मग पेशावरची बस धरली. सुमारे शंभर मैलांचा प्रवास, आजूबाजूला सगळी परकी माणसे. एक शब्द चुकला तर संपले! पेशावरहून टांगा केला. पुढे पुन्हा बस. सकाळी ते खैबर खिंडीतल्या लंडी कोतल गावी पोचले. सरहद्द तिथून जेमतेम चार-पाच मैल राहिली होती. मंडळी, आपल्याकडे बाजाराला जातो तेवढीच वाट.

आणि इथेच घात झाला.

त्यांच्या नकाशात रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते लंडी खाना. तिथून सरहद्द अगदी जवळ. म्हणून त्यांनी लोकांना विचारले, "लंडी खान्याला कसे जायचे?" पण लंडी खान्याची आगगाडी १९३२ सालीच बंद झाली होती. त्याला चाळीस वर्षे झाली होती. नकाशात स्टेशन होते, प्रत्यक्षात गाडी नव्हती. आता त्या स्टेशनाची चौकशी कोण करणार? परकाच करणार.

तिथल्या तहसीलदाराच्या कारकुनाला संशय आला. त्या दिवसांत पुष्कळ बंगाली लोक त्याच वाटेने पाकिस्तानातून निसटत होते. त्याला वाटले, हे तिघे त्यांतलेच. त्याने त्यांना अडवले आणि तहसीलदारापुढे नेले.

आता जिवाचा प्रश्न होता. सरहद्दीजवळ पकडलेल्या अनोळखी माणसांचे काय होईल, याचा भरवसा नसतो. परुळकरांनी डोके शांत ठेवले. रावळपिंडीच्या तुरुंगावर पूर्वी उस्मान हमीद नावाचे पाकिस्तानी अधिकारी होते. माणूस सज्जन होता. परुळकर म्हणाले, मला त्यांच्याशी फोनवर बोलू द्या. फोन लागला, ओळख पटली आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या घरातही एखादा भला माणूस असतो. त्याला ओळखून ठेवावे, वेळेला उपयोगी पडतो.

तिघांना पुन्हा कैदेत टाकले. शिक्षा झाली. पण १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे आपले वैमानिक वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले.

मंडळी, हे तिघे चांगले शिकलेले होते, धाडसी होते. नकाशा वाचायला ते चुकले नाहीत. नकाशाच जुना होता. आपण गेल्या सालच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त काढतो का? तिथी बदलली की भरतीची वेळ बदलते, हे तर आपल्या दर्यावर्दी भावांना माझ्यापेक्षा जास्त कळते. जुन्या वेळेच्या भरवशावर होडी लोटली तर ती रेतीवर बसणार!

एकदा मी स्वतःही फसलो आहे. स्टँडावरच्या पाटीवर लिहिलेली गाडी धरायला मी पहाटे चारला उठून गेलो. ती गाडी केव्हाच बंद झाली होती. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमाला विचारायचं होतं!" त्या बाईंना अक्षर येत नव्हते. पण गाडीची खबर त्यांना होती, मला नव्हती.

तेव्हा काकी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर हे. छापलेले खरे असू शकते. पण ते कधी छापले, हे आधी पाहा. आणि जो त्या वाटेने रोज जातो, त्याला विचारा. वाचता येऊ लागले म्हणून विचारणे सोडू नका.

उद्या वर्गाला येताना घरातला एखादा छापील कागद घेऊन या. बियाण्याची पिशवी चालेल, औषधाची बाटली चालेल, सरकारी नोटीसही चालेल. त्यावर तारीख कुठे लिहिली आहे, ती आपण सगळे मिळून शोधू.