लिज्जतचं उदाहरण देताना

तुमच्या मंडळाच्या निमंत्रणात एक वाक्य होतं: पनवेलच्या आसपासच्या बचत गटांतून दुसरं लिज्जत उभं राहावं म्हणून आम्ही काय करू शकतो? आपल्या माणसांसाठी काही करावं ही तुमची इच्छा त्यात दिसली, म्हणूनच मी आले. पण ‘दुसरं लिज्जत’ हे शब्द मी वीस वर्षं ऐकते आहे. तालुक्याच्या सभेत, बँकेत, प्रदर्शनाच्या मांडवात. दर वेळी ते मला टोचतात. का टोचतात तेच आज सांगते. बचत गट म्हणजे काय, हे काही तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आया-मावश्यांनी भिशी चालवलेली आहे.

लिज्जत पापडाची सुरुवात झाली 15 मार्च 1959 रोजी. गिरगावातली एक गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये आणि पहिल्या दिवसाची पापडांची चार पाकिटं. एवढं सगळ्यांना पाठ आहे. त्या सातजणींमधल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला फार आनंद झाला. पण या गोष्टीतला खरा भाग कुणी सांगत नाही. लिज्जतची बहीण, म्हणजे तिथली सभासद बाई, सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ नेते, घरी लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देऊन मजुरी घेते. उडीद कुठून घ्यायचा, पाकीट कुठे छापायचं, माल कुठल्या दुकानात ठेवायचा, दुकानदाराकडे किती हेलपाटे घालायचे, यातलं काहीही तिच्या डोक्यावर नाही. ती कामं करणारी माणसं वेगळी आहेत.

आता आमच्याकडे, पनवेलच्या बचत गटांकडे या. दहा-बारा बायकांचा गट. डाळ याच आणणार, दळून याच घेणार. मळणं, लाटणं, वाळवणं, पाकिटं भरणं, लेबल चिकटवणं, परवाना काढणं, एसटीने पोती घेऊन प्रदर्शनाला जाणं, वही लिहिणं आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेचा हप्ता भरणं, सगळं यांनीच. वर घरची भातलावणी आहेच. मग माल पडून राहिला की लोक म्हणतात, ‘यांच्यात लिज्जतची जिद्द नाही.’ लिज्जतच्या बहिणीला जे कधीच करावं लागलं नाही, ते न जमल्याबद्दल आमच्या बाईला नापास करायचं, हा अन्याय आहे.

प्रशिक्षणाचंही तेच. तीस वर्षं लाटणं हातात असलेल्या बाईला तीन दिवस पापड लाटायला शिकवतात. खरं म्हणजे ती शिकवणाऱ्याला शिकवेल. उडदाचा पापड आधी सावलीत सुकवायचा आणि मग ऊन दाखवायचं. थेट कडक उन्हात घातला तर कडा मुडपतात आणि पाकिटात तुकडे होतात, हे तिला बोटांनी कळतं. तिला हवा असतो हिशेब. एका गटात आम्ही किलोचा खर्च काढायला बसलो. डाळ, तेल, हिंग, पापडखार, पिशवी, सगळं फळ्यावर आलं. मी विचारलं, ‘आणि तुमचा दिवस?’ एक ताई म्हणाल्या, ‘आमचा कसला दिवस बाई, घरातलंच तर काम.’ मग आम्ही शेतावरच्या रोजाइतका रोज फळ्यावर मांडला. ज्या भावाने त्या वर्षभर पापड विकत होत्या, तो खर्चापेक्षा कमी निघाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मते खरं प्रशिक्षण त्या दुपारी झालं.

(एका श्रोत्यांनी विचारलं, ‘कोकणात चार महिने पाऊस. तेव्हा वाळवण कसं करता?’)

चांगलं विचारलंत. लिज्जतचंही पहिल्या वर्षी पावसाळ्यात काम बंद पडलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. द्यायचं तर लिज्जतमधलं हे उदाहरण द्या. आमच्याकडे गटांना सौर वाळवणयंत्रं मिळाली. मार्च ते मे ती उत्तम चालतात, पण तेव्हा नुसतं ऊनही पुरतं. जुलैत सूर्यच नसतो. तिथे विजेवर चालणारं साधं यंत्र लागतं आणि त्याचं बिल भरण्याइतका माल हवा.

(दुसऱ्या एका बाईंनी पनवेलच्या कडव्या वालांबद्दल विचारलं.)

मिळतात हो अजून! भात काढल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर येतात. पण बिल्डिंगा वाढल्या तशी ती शेतं आटली. विमानतळासाठीही गावं उठली. मला विचाराल तर पापडापेक्षा वालातच आमच्या गटांचं भविष्य आहे. बिरडं सगळ्यांना हवं असतं, पण वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, एवढा वेळ आज मुंबईत कुणाकडे आहे? सोललेल्या डाळिंब्यांची पाव किलोची पिशवी सकाळी पनवेल स्टेशनवर घेऊन बसलं तर नऊच्या आत संपते, हे मी पाहिलं आहे. जाहिरात नाही की लेबल नाही. गिऱ्हाईक दोन हातांवर आहे, आणि जे काम त्याला टाळायचं आहे ते आपण करून देतो. बाजारपेठ जोडणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

कर्जाबद्दल थोडंच बोलते. 1992 पासून नाबार्डने गट बँकांना जोडले. पैसा आज पूर्वीइतका दुर्मीळ नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो आणि वाळवणाचा पैसा उन्हाळ्यातच. ऑगस्टचा हप्ता भरायला बाई एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून पैसे काढते, तिचा हप्ता भरायला दुसरीकडून. एका गटाला दिवाळीच्या भेटपेट्यांची मोठी ऑर्डर मिळाली होती. माल वेळेवर गेला, पैसे आले होळीला. त्या चार महिन्यांत दोघींची मंगळसूत्रं गहाण पडली. त्या गटाची विक्री झाली नव्हती असं कोण म्हणेल?

माल देताच पैसे हातात येतात, अशी विक्रीही जवळच बघायला मिळते: पनवेल तालुक्यातच तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 2 ऑक्टोबर 2025 रोजी आपल्यातून गेलेल्या डॉ. जी. जी. पारीख यांनी ते आयुष्यभर सांभाळलं. तिथे तेलघाणी आहे, साबण होतो, आणि मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून ते घेतो. गावात आलात तर जरूर बघा.

आता तुम्ही विचारलं होतं, काय करू शकतो. देणगी नको. इथे तुमच्या घरी पार्सल मागवण्याचीही घाई नको. त्याचे परवाने आमच्या लहान गटांना आज पेलणार नाहीत. तुमचे आईवडील, भावंडं मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांत राहतात. तिथल्या वीस-पंचवीस घरांची वर्षाची मागणी एकत्र करा: पापड, फेण्या, कुरडया, आमसुलं, वाल. ती एकाच गटाकडे नोंदवा, अर्धे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले माल मिळाला त्याच दिवशी. मागणी गोळा करण्याचं काम तुमच्या घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. म्हणजे विकण्याचं ओझं त्या बायकांच्या डोक्यावरून उतरेल आणि डाळीसाठी कर्जही काढावं लागणार नाही. यादी जानेवारीअखेर माझ्याकडे पोचू द्या, कारण आमच्या बायका डाळ फेब्रुवारीत भरतात.