पडद्यावरचा वाडा आणि आपले माळवद



अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सला एक घर आहे. हॅरी ऑलिव्हर या कलादिग्दर्शकाने ते १९२१ साली एका चित्रपट स्टुडिओसाठी आखले. छप्पर मुद्दाम वाकडे, खिडक्या तिरक्या; पहिल्याच दिवशी जुनेपुराणे दिसावे असे. पुढे ते स्टुडिओतून बेव्हर्ली हिल्सला हलवले आणि त्यात माणसे राहू लागली.

आपल्याकडे उलटे झाले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आधीपासून होता, सिनेमावाले मागाहून आले. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’, ‘स्वदेस’ यांचे चित्रीकरण मेणवलीत झाले आणि कृष्णाकाठ उत्तरेतले गाव म्हणून देशाने पाहिला. ‘तुंबाड’साठी सासवडचा वाडा निवडला गेला.

आता लातूर-नांदेडकडे नवा बंगला बांधतानाही ‘वाड्याचा लुक’ मागतात. कमान, कोरीव खांब, उतरती कौले. हौस चांगली आहे, पण हा वाडा पडद्यावरून आलेला आहे. आपल्या मराठवाडी वाड्याला माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असे. दाराशी असलेल्या ढाळजेतून आत गेले की चौक, भोवती सोपे, धान्याला बळद. घर किती मोठे, ते खणांवरून, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांवरून, सांगत. खांबांवर तुळया, त्यावर लाकडी पाट आणि वर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हात त्या मातीखाली गारवा राही. मात्र गळती थांबवायला वर पुन्हा पुन्हा माती पडे आणि ओझे वाढत जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते ओझे आणि दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते. कित्येक घरांत भिंती ढासळल्या, लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माळवदाची धास्ती बसली ती साहजिकच. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली, त्यांना आपण काय सांगणार? पण त्या धास्तीत निर्दोष लाकूडही मोडीत निघाले.

ज्यांचा वाडा अजून उभा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतींत आरपार दगड बसवा. खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे तिरके टेकू द्या. किल्लारीनंतर अभियंत्यांनी सांगितलेले हे उपाय आहेत. आणि वाडा मोडून त्याचे खांब विकत न्यायला गिऱ्हाईक आले असेल, तर व्यवहाराआधी एखादा जाणता सुतार आणि अभियंता बोलावून सांगाडा तपासून घ्या.