सक्तमजुरी आणि वेठबिगार
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



ज्या लोकमान्यांनी घरातल्या गणपतीला सार्वजनिक उत्सवाचे रूप दिले, त्यांना १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. अंदमानात सावरकरांना कोलूला जुंपले होते. हे ऐकताना आपण हळहळतो. पण आजच्या तुरुंगातला कैदी चोर किंवा खुनी असतो. त्याच्याबद्दल आपण सहज म्हणतो, "फोडू दे की खडी! फुकट का पोसायचे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

मी राज्य सरकारच्या नोकरीत बांधकामाकडे आहे. शिक्षण डिप्लोमाचे, तेव्हा कायद्याचा पंडित नव्हे. पण अंदाजपत्रके पुष्कळ केली. त्यात माल, वाहतूक आणि मजुरी यांचे दर धरावे लागतात. मजुरीच्या जागी शून्य मांडले तर काय होते, हे दोन देशांनी करून दाखवले आहे.

पहिला सोव्हिएत रशिया. १९३१ ते १९३३ या काळात तिथे श्वेत समुद्र ते बाल्टिक हा २२७ किलोमीटरचा कालवा कैद्यांकडून खोदून घेतला. यंत्रे नावापुरती, कुदळ, फावडे आणि हातगाडी यांवरच सारे काम. हजारो माणसे मेली. आणि कालवा इतका उथळ झाला की मोठी जहाजे त्यातून जाईनात. माणूस फुकट मिळाला की यंत्राची गरज भासत नाही आणि कामाची घाई मात्र सुटते.

दुसरा देश अमेरिका. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम चालेल, अशी फट ठेवली गेली. दक्षिणेकडच्या राज्यांनी ती हेरली. रिकामा भटकतो म्हणून कृष्णवर्णीय माणसाला पकडायचे, शिक्षा करायची आणि खाणमालकाला भाड्याने द्यायचे. पैसा सरकारी तिजोरीत. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. म्हणजे गुन्हा झाला म्हणून मजूर मिळत नव्हता. मजूर हवा म्हणून गुन्हेगार शोधला जात होता. ती फट बुजवण्याचे काम अजून चालू आहे. कोलोरॅडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यघटनेतून हा अपवाद काढला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२४ मध्ये तशीच सुधारणा फेटाळली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या कराराने कैद्याच्या कामाला मुभा दिली, पण अटी घातल्या. न्यायालयाने दोषी ठरवलेले असावे, काम सरकारी देखरेखीखाली असावे आणि कैदी खासगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली करू नये. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की कामाचा योग्य मोबदला मिळाला तरच ते काम कैद्याला माणसात आणते.

आता आपल्याकडे या. आपल्या संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपलाच शब्द तसाच ठेवला आहे. आणि कैद्यांच्या मजुरीचा मोठा निकाल आपल्या गुजरातच्याच नावाने ओळखला जातो. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याकडून त्याच्या मर्जीविरुद्धही काम घेता येईल, पण न्याय्य मजुरी द्यावीच लागेल. त्यातला काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असेही म्हटले. २०२४ मध्ये याच न्यायालयाने तुरुंगात जात पाहून झाडलोट किंवा स्वयंपाक वाटून देण्याचे नियम रद्द केले. हा रिवाज तोपर्यंत लेखी नियमांत होता, ही शरमेची गोष्ट आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही.

कैद्याने काम करू नये असे मी म्हणत नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हाताला काम बरे. अहमदाबादला साबरमती जेलची भजी आपल्यापैकी अनेकांनी खाल्ली असतील. पुढेही जरूर खा. फक्त भजी तळणाऱ्याच्या हाती किती पडते, हेही विचारा.

कारण त्याची मजुरी शून्य ठेवली की तुरुंगाबाहेरच्या त्याच्या मुलांना काही पोचत नाही, आणि ज्याचे घर त्याने उद्ध्वस्त केले त्यालाही नाही. शून्यातून वाटा कसला काढणार? कोंडून ठेवणे ही शिक्षा न्यायालयाने दिलेली असते. घामाचे दाम बुडवणे ही शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. ती आपण गप्प राहून देतो.

 गणपती बाप्पा मोरया!